मदत हवी आहे: घरातल्या झाडांसाठी एलईडी ग्रो लाइट, गुलाबी घेऊ की पांढरा? आणि वॅट नक्की कुठले धरायचे?

नमस्कार मंडळी,

या विषयावर आधी धागा निघाला असेल तर कृपया लिंक द्या, मला शोधून सापडला नाही म्हणून नवा काढतेय.

घरात उन्हाची बोंब आहे. एकच मोठी खिडकी, तीही उत्तरेला, आणि झाडांचं शेल्फ तिच्यापासून सात-आठ फूट आत. शेल्फ चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन कप्पे, मध्ये साधारण दीड फुटाची उंची. वर मनी प्लांट, स्नेक प्लांट आणि एक कॅलेथिया आहे, खाली बी पेरून केलेली मिरची आणि तुळस.

मिरची उगवली झकास, पण आता नुसती उंच चाललीये. देठ दोऱ्यासारखा बारीक, बुडाशी पांढरट, पहिली दोन दलं ठीक आहेत पण नंतरची खरी पानं नखाएवढी होऊन तिथेच थांबलीत, आणि सगळी रोपं माना खिडकीकडे करून वाकलेली, ट्रे फिरवला की परत तिकडेच वळतात. मनी प्लांटचंही तेच, दोन पानांमधलं अंतर वाढलंय, नवं पान आधीच्यापेक्षा लहान येतं आणि पांढरे पट्टे जवळजवळ गेलेच. पाणी, माती, खत सगळं बघून झालं.

शेवटी लक्स मीटरने उजेड मोजला. काचेपाशी १५००, शेल्फवर जेमतेम २५०. डोळ्यांना दोन्ही जागा सारख्याच उजेडाच्या वाटतात हो, कारण डोळा स्वतःला जुळवून घेतो, पानाला ती सोय नाही. दिवसाच्या उजेडात लक्सला ५४ ने भागलं की पीपीएफडी अंदाजे कळतो, म्हणजे एक चौरस मीटर जागेवर सेकंदाला झाडाच्या कामाचे किती मायक्रोमोल फोटॉन (प्रकाशाचे कण) पडतात ते. माझ्या शेल्फवर ४ ते ५. भर दुपारच्या कडक उन्हात हाच आकडा २००० च्या आसपास असतो!! तेव्हा लाइट घ्यायचाच हे पक्कं केलंय, पण कुठला यावर गाडी अडलीये.

समोर तीन पर्याय आहेत. वाकवता येणाऱ्या दांड्यांचे गुलाबी-जांभळे क्लिप लॅम्प, किंवा पांढरा फुल स्पेक्ट्रम बोर्ड ज्यात मधेमधे लाल चिप्स असतात, नाहीतर साध्या २० वॅटच्या ६५०० केल्विनवाल्या (म्हणजे थंड पांढऱ्या रंगाच्या) एलईडी ट्यूब शेजारी शेजारी. आता यांची तुलना कशी करू? एकाच्या खोक्यावर १००० वॅट लिहिलंय आणि अडॅप्टर बघावा तर मोबाइलच्या चार्जरएवढा, दुसऱ्यावर फक्त लुमेन दिलेत, तिसऱ्यावर ४५० आणि ६६० नॅनोमीटर, म्हणजे निळ्या आणि लाल प्रकाशाची तरंगलांबी, एवढंच छापून मोकळे झालेत. शिवाय आई संध्याकाळी त्याच खोलीत वाचत बसते, तिच्या डोळ्यांना त्रास झालेला मला चालणार नाही. जाणकारांनी प्लीज सांगा, रोपं वाचवायची आहेत.

प्रतिसाद

मोजून प्रश्न विचारलात हे फार बरं केलंत, उत्तर देणं सोपं जातं.

पहिलं म्हणजे खोक्यावरचे मोठे वॅट विसरा. ते बहुतेक वेळा 'इतक्या वॅटच्या जुन्या दिव्याएवढा' असा दावा असतो, नाहीतर सगळ्या चिप्सची कागदावरची क्षमता बेरीज करून लिहिलेली असते. प्लगमधून प्रत्यक्ष किती वॅट ओढले जातात तेच खरं, आणि १००० वॅट चार्जरएवढ्या अडॅप्टरमधून जाऊच शकत नाहीत. लुमेनही कामाचं नाही कारण ते माणसाच्या डोळ्याचं माप आहे, ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला सगळ्यात जास्त भाव देणारं. झाडासाठी ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले फोटॉन मोजायचे. म्हणून कंपनीकडे दोनच आकडे मागा, पीपीएफ म्हणजे दिवा सेकंदाला एकूण किती मायक्रोमोल फेकतो आणि खरे वॅट किती. पहिल्याला दुसऱ्याने भागा. चांगला बोर्ड २.५ च्या पुढे असतो, साधी पांढरी ट्यूब १.४ च्या आसपास. आकडे देतच नसतील तर तो दिवा सोडून द्या, असं माझं स्पष्ट मत.

आता तुमचं गणित. एक कप्पा सहा चौरस फूट, म्हणजे ०.५६ चौरस मीटर. मिरची-तुळशीच्या रोपांना पीपीएफडी २०० धरला तर पानांवर ११२ मायक्रोमोल पडायला हवेत, वीस टक्के इकडेतिकडे सांडतात धरा, म्हणजे दिव्यातून १४० निघाले पाहिजेत. २.५ वाल्या बोर्डला त्यासाठी खरे ५६ वॅट लागतील, ट्यूबनी करायचं तर पाच ट्यूब आणि १०० वॅट. तेव्हा खाली बोर्डच. वरच्या मंडळींना ८० पुरे, त्याला ५६ मायक्रोमोल लागतात, एका ट्यूबचे साधारण २८, म्हणजे दोन ट्यूबमध्ये काम होतंय, तिथे उगाच महागडा बोर्ड नको.

गुलाबी की पांढरा, तर घरात पांढराच. हरितद्रव्य वेगळं काढून द्रावणात मोजलं की लाल आणि निळा प्रकाश जास्त शोषला जातो, त्या आलेखावरून 'हिरवा वाया जातो' हा समज पसरला. अख्ख्या पानाचं तसं नसतं. कीथ मॅक्री या संशोधकाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बऱ्याच पिकांच्या पानांवर मोजमाप केलं, त्यात हिरव्या प्रकाशावरही प्रकाशसंश्लेषण चांगलं होतं हे दिसलं. हिरवा प्रकाश पानाच्या आतल्या थरांपर्यंत पोचतो. पांढरी एलईडी म्हणजे तरी काय, निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा लेप, त्यातून सगळे रंग निघतात. ६६० वाल्या लाल चिप्स वीज वाचवतात म्हणून बोर्डात असतात, ते चांगलंच आहे. गुलाबी उजेडात झाड वाढत नाही असं नाही, पण पान पिवळं पडतंय का, पानामागे कोळी लागलाय का हे त्या रंगात धड दिसत नाही, माझ्या दृष्टीने हाच त्याचा सगळ्यात मोठा तोटा. आणि आईंना त्या उजेडात वाचायला लावू नका.

धागाकर्ती

खूप खूप आभार! भागाकार केला आणि क्लिप लॅम्प यादीतून गेलेच. आता फक्त उंची आणि तास सांगा. आणि खालच्या कप्प्यात दिवा झाडांच्या इतका जवळ येतो, पानं भाजणार नाहीत ना?

प्रतिसाद

मी सांगते, माझं सगळं बागकाम दिव्याखालीच चालतं.

ट्यूब पानांपासून सहा-आठ इंचांवर, बोर्ड फूटभर वर. खाली दीड फूटच जागा आहे तर बोर्ड डिमरवालाच घ्या, सुरुवातीला निम्म्यावर ठेवा आणि आठवड्याभरात हळूहळू वाढवा. अंधाराला सरावलेलं रोप एकदम पूर्ण उजेडात टाकलं की पानांवर फिकट पांढुरके चट्टे येतात. पानाच्या कडा वर वळून होडीसारख्या झाल्या तर उजेड जास्त होतोय, शेंडा ताणला जात असेल तर कमी. कॅलेथियाला वरच्या कप्प्याच्या कडेला बसवा, मध्ये नको.

खाली १६ तास, वर १२. २०० पीपीएफडी १६ तास म्हणजे दिवसाचे साडेअकरा मोल (एक मोल म्हणजे दहा लाख मायक्रोमोल), ८० चे १२ तास म्हणजे साडेतीन, दोन्हीकडे पुरतं. सगळं मिळून रोजचे दीड युनिटच्या आतच जातील. टायमर लावाच आणि रात्री पूर्ण अंधार ठेवा. आईंच्या वाचनाचं म्हणाल तर बोर्डसमोर शेल्फच्या कडेला चार इंचांची पट्टी लावा, चिप्स थेट डोळ्यांवर येणार नाहीत.

दोन गोष्टी राहिल्या. उजेड वाढला की झाडं पाणीही जास्त पितात, तेव्हा जुन्या सवयीने न घालता माती बोटाने बघून घाला. आणि वायरला प्लगच्या खाली झोल ठेवा, म्हणजे झारीचं पाणी वायरवरून ओघळलं तरी झोलापाशी ठिबकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही.

लांबुडक्या झालेल्या मिरच्या फेकू नका, मोठ्या कुंडीत दलांपर्यंत मातीत खोल बसवा. ताणलेला देठ पुन्हा आखूड होत नाही, पण मातीचा आधार मिळाला की रोप उभं राहतं आणि वरची नवी वाढ ठेंगणी, जाड येते. दिवा आला की पहिल्या पंधरवड्याचे फोटो टाका इथे.