धडधाकट लॅपटॉप भंगारात का काढायचा? (विंडोज १० नंतरचं रामायण)

स्क्रूड्रायव्हर:

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आमच्या नात्यागोत्यात लॅपटॉप खरेदीची साथच आली. ज्याला विचारावं तो म्हणतो, "मेसेज आलाय ना, तुमचं मशीन विंडोज ११ ला चालणार नाही." मग काय, दुकानात जा आणि मोजा पन्नास हजार.

मेव्हण्याचाच लॅपटॉप घ्या. इंटेल आय-५, सातवी पिढी, आठ जीबी रॅम. स्क्रीन चांगली, कीबोर्ड चांगला, बिजागऱ्या शाबूत. टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षा-चिप) लागते म्हणतात, तीही आहे. तरी नापास, कारण मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचे (सातवीतले अपवाद अगदी नावाला). कारण विचारलं तर सुरक्षा. पण विंडोजच्या गाभ्यात घातक कोड घुसू न देणाऱ्या ज्या मेमरी इंटिग्रिटीचा एवढा गवगवा चाललाय, तिला लागणारी हार्डवेअरमधली सोय सातव्या पिढीत आलेली आहे, हे खुद्द मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत आहे. मग रेघ आठवीवर का ओढली, ते त्यांनाच ठाऊक.

रविवारी तो खोलला. स्क्रू काढले तरी मागचं झाकण निघत नाही, कडेने प्लास्टिकच्या खिट्या असतात. जुनं एटीएम कार्ड फटीत सरकवत गेलं की टक-टक करत सुटतात. पंख्याच्या जाळीवर बोटभर धूळ होती, ती ब्रशने काढली. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून पापुद्रे धरले होते, ती पुसून नवी लावली. ५४०० आरपीएमची हार्डडिस्क काढून साटा एसएसडी बसवली (जुना लॅपटॉप रडतो तो बहुतेक वेळा या डिस्कपायी, बाकी काही नसतं). मग विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली, त्यातलं हलकं, एक्सएफसीई वालं. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. फायरफॉक्स, यूट्यूब, व्हॉट्सअॅप वेब, भाचीचा अभ्यास, लिबरऑफिस, मराठी टाइप करायला आयबसमधून इनस्क्रिप्ट कीबोर्ड, सगळं सुरळीत चाललंय.

घरगुती वापरासाठी अशा वेळी नवं मशीन घेणं ही माझ्या मते शुद्ध उधळपट्टी आहे. त्यात लॅपटॉपपायी होणाऱ्या कार्बन उत्सर्जनातलं बरंचसं तो कारखान्यात बनतानाच होऊन गेलेलं असतं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, पण आपला डबा शेवटी दारावरच्या भंगारवाल्याकडेच जातो, तोही किलोच्या भावाने. मतं येऊ द्या.

हिशेबनीस:

घरगुती वापराचा लॅपटॉप कसा असतो हो? मी करसल्लागार आहे. माझ्या निम्म्या अशिलांच्या घरी सकाळी मुलगी ज्यावर अभ्यास करते, त्याच लॅपटॉपवर दुपारी बापाचं टॅली उघडतं. हिशेबाचं टॅलीप्राइम हे विंडोजचं सॉफ्टवेअर. लिनक्सवर वाइन नावाच्या प्रोग्राममध्ये ते चालवून दाखवणारे बहाद्दर आहेत, माहीत आहे. पण महिन्याच्या २० तारखेला रात्री नऊ वाजता जीएसटीचा ३बी भरायचा असतो तेव्हा ते बहाद्दर फोन उचलत नाहीत. वर डिजिटल सहीचं टोकन आहेच, त्याच्या ड्रायव्हरची (कॉम्प्युटरला ते यंत्र ओळखायला लावणाऱ्या प्रोग्रामची) मिनतवारी वेगळी.

आणि प्रिंटर! झेरॉक्सच्या दुकानापासून वकिलाच्या टेबलापर्यंत सगळीकडे दिसतो तो बुटका लेझर प्रिंटर. त्याला स्वतःची अक्कल शून्य. पानाचं चित्र कॉम्प्युटरने तयार करून द्यायचं, त्याने फक्त कागदावर उतरवायचं. तेव्हा त्याचा स्वतःचा ड्रायव्हर नसेल तर तो नुसता ठोकळा. लिनक्सवर त्या ड्रायव्हरपायी माणसं मेटाकुटीला आलेली मी बघितली आहेत. पन्नास हजार वाचवले म्हणता, ठीक. त्यात घातलेल्या रविवारांचा हिशेब कुठे मांडलाय?

स्क्रूड्रायव्हर:

धंद्याचं मशीन असेल तर विंडोज ठेवा, मी कुठे नाही म्हणतोय? प्रिंटरचं म्हणाल तर ती जुन्या मॉडेलांची गोष्ट. आता वाय-फायवरचे बहुतेक प्रिंटर फोनवरून विनाड्रायव्हर छापतात, तसेच ते लिनक्सवरूनही छापतात. आणि रविवारांचा हिशेब कशाला मांडू? काहींना रविवारी क्रिकेट लागतं, मला स्क्रू लागतात.

टर्मिनलकर:

धाग्याला +१००. मी तर म्हणतो, धंद्यालाही लिनक्सच हवं. केरळच्या शाळांमध्ये कित्येक वर्षांपासून आयटीचं शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर चालतंय. तिथली पोरं चित्रांसाठी गिंप आणि ऑफिसच्या कामाला लिबरऑफिस शिकून मोठी झाली, कुणाचं काही अडलं नाही. आपल्याकडे पायरेटेड विंडोज टाकून घेण्यातच पुरुषार्थ. लिनक्सला व्हायरस येत नाही, अँटिव्हायरसचे पैसे वाचतात, मशीन हळू होत नाही. एकदा टाका आणि विसरा.

निळा_पडदा:

"व्हायरस येत नाही" हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं. हेच मिंट घ्या. २० फेब्रुवारी २०१६ ला त्यांची वेबसाइट हॅक झाली आणि १७.३ सिनॅमनच्या डाउनलोडचा दुवा मागचं दार घातलेल्या फाइलकडे वळवला गेला. ज्यांनी चेकसम (फाइल अस्सल आहे का ते पडताळायचा आकडा) जुळवला नाही, त्यांनी आपल्या हाताने चोर घरात घेतला. मार्च २०२४ मधलं एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या सॉफ्टवेअरचं प्रकरण तर त्याहून भयंकर. कुणीतरी काही वर्षं सोज्वळपणे काम करून प्रकल्पाचा विश्वास कमावला आणि लायब्ररीतच भोक पाडून ठेवलं. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला एसएसएचने दूरच्या मशीनवर केलेलं लॉगिन अर्ध्या सेकंदाने हळू का होतंय याची खोड लागली, म्हणून ते उघडकीला आलं. तो नोकरीला होता मायक्रोसॉफ्टमध्ये, हेही लिहून ठेवा.

मी काही विंडोजचा भक्त नाही. पण "टाका आणि विसरा" असं काही नसतं, दोन्हीकडे.

स्क्रूड्रायव्हर, एक मधला मार्ग तुम्ही गाळलात. रूफस या प्रोग्रामने विंडोज ११ चा पेनड्राइव्ह बनवताना टीपीएम आणि प्रोसेसरच्या अटी वगळता येतात. सातव्या पिढीवर विंडोज ११ व्यवस्थित बसतं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरला काही सूचनासंच (त्याला कळायलाच हव्यात अशा आज्ञा) सक्तीचे केलेत, त्यात कोअर २ ड्युओच्या काळातली मशीनं बाद होतात, सातवी पिढी नाही. मात्र अशा मशीनला अपडेट देण्याची हमी मायक्रोसॉफ्ट घेत नाही आणि वर्षाचं मोठं अपग्रेड आलं की पेनड्राइव्ह पुन्हा काढावा लागतो.

फ्रांकफुर्टी_फोडणी:

एवढी घाई कशाला? विंडोज १० लाच वाढीव सुरक्षा अपडेट मिळताहेत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मशीन विंडोज १० च्या २२एच२ या शेवटच्या आवृत्तीवर हवं. इथे युरोपात ग्राहक संघटनांनी ओरडा केला, म्हणून नुसत्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर फुकट. भारतात तीन पर्याय: सेटिंग वनड्राइव्हवर सिंक करा म्हणजे फुकट, नाहीतर एक हजार रिवॉर्ड पॉइंट, नाहीतर ३० डॉलर. पैसे भरलेत तर तेच लायसन्स दहा मशीनपर्यंत चालतं. आईबाबांच्या लॅपटॉपवर मी हेच केलं, इथूनच, रिमोटने. लिनक्स-बिनक्स पुढच्या भारतभेटीत बघू.

अक्षरजुळणी:

माझा छपाईचा धंदा आहे, म्हणून वेगळा मुद्दा. टर्मिनलकर, केरळ राहू द्या, आमच्या गल्लीत या. इथे अजून पानं जुळवायचं पेजमेकर चालतं, ज्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची. कपाटभर दिवाळी अंक, स्मरणिका, लग्नपत्रिका आहेत श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. सरकारी कामं सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएमवर, सुरेख फॉन्टमध्ये. फॉन्टची फाइल लिनक्सवर नेली तर मजकूर वाचता येईल, पण त्यात एक काना दुरुस्त करायचा म्हटलं तर टाइप करणारं सॉफ्टवेअर विंडोजचंच लागतं. जुन्या फॉन्टमधला मजकूर आजच्या युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर आहेत, पण त्यांत रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, ऱ्हस्व वेलांटी भलतीकडेच चिकटते, जोडाक्षरं फुटतात. दोनशे पानं ओळ न् ओळ तपासायला बसा मग. गिऱ्हाईक "तीच जुनी पत्रिका, फक्त नाव बदला" म्हणतं तेव्हा मला तीच फाइल दहा मिनिटांत उघडायला हवी. माझं मशीन नेटला जोडलेलंच नाही, अपडेट गेले उडत.

धाकटी:

सगळे वाचले. आता गिऱ्हाईकाची बाजू ऐका, कारण माझा दादा तुमच्याच पंथातला आहे.

त्याने आईच्या लॅपटॉपवर मिंट टाकलं आणि नोकरीला हैदराबादला निघून गेला. आईचं काम काय, तर भजनी मंडळाची यादी, गाणी आणि बचत गटाचा हिशेब. पहिले काही महिने खरंच छान गेले, मशीन पटकन सुरू व्हायचं, आई खूश. मग एका अपडेटनंतर वाय-फायच गायब. दादा म्हणाला, त्या चिपचा ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बाहेरचा आहे, कर्नल बदलला की परत बांधावा लागतो. आता हे आईला कोण समजावणार? मग व्हिडिओ कॉल. आई टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून बसली आहे आणि दादा एकेक अक्षर सांगतोय: "एस, यू, डी, ओ. आता स्पेस. अगं नाही, स्पेस म्हणजे ती लांब पट्टी." पासवर्ड टाकायची वेळ आली. तिथे टाइप करताना अक्षरं दिसत नाहीत, काहीही दाबा, नुसत्या चांदण्याच उमटतात. आई म्हणाली, "कीबोर्ड पण गेला वाटतं." चार वेळा तोच पासवर्ड एकापुढे एक लिहून ठेवला तिने.

शेवटी मी लॅपटॉप घेऊन बाजारपेठेतल्या दुकानात गेले. दुकानदाराने मिंटचा तो हिरवा लोगो बघितला आणि म्हणाला, "ताई, हे आम्ही करत नाही. विंडोज टाकून देतो, पाचशे रुपये." विंडोज कुठलं, ते तुम्हाला सांगायला नको. आईने दिले पाचशे.

तुमच्या लढाईत लिनक्स जिंकेल किंवा विंडोज. आमच्या गावात ते दुरुस्त करणारा एकच माणूस होता, आणि तो हैदराबादला गेला.

टर्मिनलकर:

यात लिनक्सचा दोष काय? दादाने हार्डवेअर बघून टाकायला हवं होतं.

धाकटी:

दोष कुणाचा हे आईने विचारलंच नाही. तिला यादी छापायची होती.

स्क्रूड्रायव्हर:

धाकटी, तुमच्या दादाच्या जागी मी असतो तर तीन गोष्टी केल्या असत्या. टाइमशिफ्ट चालू ठेवलं असतं, म्हणजे बिघडलं की कालच्या स्थितीवर परत जाता येतं. सुरू होताना ग्रब मेनूतून जुना कर्नल निवडायचा कसा, ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं असतं. आणि फोन यूएसबीने जोडून नेट कसं घ्यायचं ते आईंना दाखवलं असतं, त्याला वाय-फायचा ड्रायव्हर लागत नाही.

तरी मी मागे हटत नाही. त्या पाचशे रुपयांच्या क्रॅक विंडोजमध्ये काय-काय भरलेलं असतं याचा पत्ता दुकानदारालाही नसतो, आणि त्याच मशीनवर आईंच्या बचत गटाचा हिशेब आहे. माझ्या लेखी ते बंद वाय-फायपेक्षा वाईट.

निळा_पडदा:

यावर मात्र सहमत. क्रॅकपेक्षा काहीही बरं. फ्रांकफुर्टीने सांगितलेलं वाढीव सपोर्टचं बघा, पण त्याला अस्सल विंडोज १० लागेल. लॅपटॉपसोबत आलं होतं का? आलं असेल तर लायसन्स बहुधा बायॉसमध्येच (मदरबोर्डवरच्या चिपमध्ये) असतं, कोऱ्या इन्स्टॉलनंतर आपोआप सक्रिय होतं. दादाने डिस्क पुसली म्हणून ते जात नाही.

धाकटी:

आलं होतं, खाली स्टिकर आहे. बघते.

हिशेबनीस:

स्क्रूड्रायव्हर, तुमचा कागद, तुमचा ग्रब मेनू, सगळं मान्य. पण तुमच्या यादीतली प्रत्येक गोष्ट "मी असतो तर" ने सुरू होते. मेव्हण्याकडे तुम्ही आहात. माझ्या अशिलांकडे मी आहे, आणि मला टॅली येतं, ग्रब येत नाही. त्यामुळे मी त्यांना नवाच घ्यायला सांगणार. तुम्हाला जुने हवे असतील तर पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मार्चअखेर संपली की पाठवून देतो. आमच्याकडे दोन-तीन नुसते पडून आहेत.