मदत हवी आहे: ताप गेला, तरी रिपोर्टमध्ये गॅमेटोसाइट कसे?

मुठाकाठ: लवकर सांगा कुणीतरी. भावाला मलेरिया झाला होता. औषधं झाली, ताप उतरून आठ दिवस झाले, नीट जेवतोय. आज परत रक्त तपासलं तर रिपोर्टवर ‘गॅमेटोसाइट्स सीन’. म्हणजे औषध लागू पडलं नाही का? घरात माझी तीन वर्षांची मुलगी आहे. डॉक्टर उद्या संध्याकाळी भेटणार. तोवर भावाला वेगळ्या खोलीत ठेवू का?

सातारकर७४: कुठला मलेरिया? व्हायव्हॅक्स की फाल्सिपेरम? औषध कोणतं? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

पेठेतली: पपईच्या पानांचा रस द्या, सकाळ-संध्याकाळ दोन चमचे. माझ्या पुतण्याच्या प्लेटलेट लगेच वर आल्या.

सातारकर७४: ताई, त्यांनी प्लेटलेटचं विचारलेलंच नाही. तुमच्या पुतण्याला डेंग्यू असणार.

पेठेतली: डासच ना दोन्हीकडे?

सूक्ष्मदर्शी: डास वेगळे. डेंग्यूचा एडिस दिवसा चावतो, मलेरियाचा ॲनॉफिलिस बहुतेक रात्री. मुठाकाठ, रिपोर्टमध्ये ‘रिंग’ किंवा ‘ट्रोफोझोइट’समोर काय लिहिलंय? आणि भाऊ कुठून आला?

मुठाकाठ: पी. एफ. लिहिलंय, म्हणजे फाल्सिपेरमच ना? रिंग ‘नॉट सीन’. भामरागडला रस्त्याच्या कामावर होता, तिथंच ताप आला, मग पुण्याला आणलं. औषध तीन दिवसांचं होतं. पण मुलीचं काय ते सांगा ना.

सूक्ष्मदर्शी: सांगतो. बरीच वर्षं लॅबमध्ये काचा बघतोय.

ताप आणतात ते रिंगांपासून वाढणारे जंतू. तांबड्या पेशीत वाढतात, साधारण ४८ तासांनी पेशी फुटते, पुढच्या पेशीत शिरतात. त्यातले थोडे ही वाट सोडून नर किंवा मादी होतात, तेच गॅमेटोसाइट. फाल्सिपेरममध्ये त्यांना तयार व्हायला १० ते १२ दिवस लागतात. तोवर ते मुख्यतः अस्थिमज्जेत दडलेले असतात, पक्व झाले की चंद्रकोरीच्या आकाराचे होऊन रक्तात येतात. म्हणून तर ताप गेल्यावर दिसतात! तीन दिवसांचं औषध, म्हणजे एसीटी, रिंगांना मारतं, पक्व चंद्रकोरींवर त्याचा फारसा जोर चालत नाही. त्या काही आठवडे राहू शकतात, पण माणसाच्या अंगात त्या वाढत नाहीत, ताप आणत नाहीत. रिंग नाहीत, हे चांगलं लक्षण.

मात्र डासाच्या पोटात त्या जाग्या होतात. तिथं माणसाच्या अंगापेक्षा थंड असतं, शिवाय डासाकडचं झँथुरेनिक आम्ल मिळतं. १०-१५ मिनिटांत एका नरातून वळवळणारे ८ धागे सुटतात. ताज्या रक्ताच्या थेंबात हे मी एकदाच पाहिलंय, अजून डोळ्यांसमोर आहे. मग मादीशी मिलन, पोटाच्या भिंतीवर गाठ, आणि साधारण १० ते १४ दिवसांनी डासाच्या लाळेत नवे जंतू. भावाजवळ बसल्यानं मुलीला काही होत नाही. वेगळी खोली नको, मच्छरदाणी हवी. मुलीला तर हवीच, पण भावालाही.

गणेशखिंड: हेच धागे १८८० मध्ये लॅव्हरान या फ्रेंच डॉक्टरने अल्जेरियात पाहिले, आणि हे जिवंत जंतू आहेत अशी त्याची खात्री पटली. पुढे १८९७ मध्ये रॉसने सिकंदराबादला डासाच्या पोटावरच्या गाठी

सातारकर७४: इतिहास नंतर हो. प्रायमाक्विन दिलं होतं का, हे कुणी विचारलंच नाही! आमच्या वडिलांना १४ दिवस दिलं होतं. तेच सुरू करा.

सूक्ष्मदर्शी: १४ दिवस व्हायव्हॅक्सला, यकृतात लपलेल्या जंतूंसाठी. फाल्सिपेरमला एकच डोस, तो या चंद्रकोरींसाठीच. आणि कृपा करून मनानं काही सुरू करायला सांगू नका. जी-सिक्स-पीडी, म्हणजे तांबड्या पेशींना जपणारं एक एंझाइम, कमी असलं तर या औषधानं तांबड्या पेशी फुटतात. गरोदर बायकांना आणि तान्ह्या बाळांना ते देतच नाहीत.

पावसाळी: टाकीत गप्पी मासे सोडा.

सातारकर७४: पिण्याच्या टाकीत? झाकण घट्ट लावा, एवढं पुरे. शहरातला ॲनॉफिलिस स्टीफेन्सी गच्चीवरच्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो.

मुठाकाठ: भावाची फाइल काढली. प्रायमाक्विन लिहिलंय, दुसऱ्या दिवशी घ्यायचं होतं. गोळ्या पाकिटात तशाच! म्हणतो, ताप उतरला होता, पोट बिघडलं होतं, म्हणून राहिल्या. खूप चिडले त्याच्यावर.

पेठेतली: चिडू नका हो. ती गोळी जेवल्यावर घ्यायची असते, उपाशीपोटी मळमळतं. माझ्या जावेला तसंच सांगितलं होतं.

मुठाकाठ: उद्या डॉक्टरांना पाकीट दाखवते, मगच काय ते. मच्छरदाणी माळ्यावरून काढली, दोन्ही पलंगांना बांधतेय. गच्चीवर तीन टाक्या आहेत, एकीचं झाकण गेल्या पावसाळ्यात उडालंय. सोसायटीत दोनदा सांगून झालं. आत्ता रात्री प्लॅस्टिकचा कागद बांधला तर चालेल का?

पावसाळी: कागदावर पाणी साचेल. बारीक जाळीचं कापड घ्या आणि काठाला दोरी घट्ट आवळा.