मदत हवी आहे: सोसायटीत 'अनावश्यक' पार्सल आणि गावाला जाण्यावर बंदी घालावी का?

लालबाग_सचिव | रविवार, २५ एप्रिल २०२१, सकाळ

मंडळी, नमस्कार. आज रात्री आमच्या कमिटीची ऑनलाइन मीटिंग आहे, त्याआधी तुमचा सल्ला हवाय. जरा लांबण लागेल, पण पूर्ण वाचा ही विनंती.

लालबागला आमची सात मजली सोसायटी आहे, जुनी चाळ पाडून बांधलेली. घरं लहान, जिना अरुंद, लिफ्ट एकच. मी मानद सचिव. सध्या दोन घरांत मिळून चार जण कोरोना पॉझिटिव्ह आहेत. आकडा पाचाच्या वर गेला की नव्या नियमाप्रमाणे आम्ही मायक्रो कंटेन्मेंट झोन. मग गेटवर बोर्ड लावायचा, बाहेरच्यांना आत सोडायचं नाही, आणि त्यात हयगय झाली तर सोसायटीला पहिल्या वेळी दहा हजार दंड. त्यामुळे कमिटी घाबरलेली आहे आणि ती भीती मला रास्त वाटते. गेल्या वर्षी याच इमारतीतली माणसं गेली आहेत.

तर कमिटीतल्या काहींनी ठराव आणलाय. औषधं आणि किराणा सोडून कुठलंही पार्सल आत येणार नाही. वॉचमनने 'आत काय आहे' असं विचारायचं आणि वस्तू अनावश्यक वाटली तर गेटवरूनच परत पाठवायची. गावाला जाणाऱ्याने आधी लेखी कारण द्यायचं, परतताना निगेटिव्ह रिपोर्ट नसेल तर इमारतीत प्रवेश नाही. मोडलं तर पाचशे रुपये.

मी निर्बंधांच्या विरोधात मुळीच नाही. सरकारने १४ तारखेला रात्री आठपासून लावलेले निर्बंध हवेच होते. या महिन्याच्या सुरुवातीला एकट्या मुंबईत एका दिवसात अकरा हजारांवर रुग्ण निघाले होते. पण ही नोटीस माझ्या सहीने लागणार आहे आणि त्यातल्या 'अनावश्यक' या शब्दाशी मी दोन दिवस अडून बसले आहे.

तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी बारावीला आहे. दहावीची परीक्षा रद्द झाली, बारावीची नुसती पुढे ढकललीय, म्हणजे तिचा अभ्यास चालूच. तिच्या मोबाइलचा डिस्प्ले गेलाय, अर्धा स्क्रीन काळा. क्लासच्या वेळी ती मोबाइल आडवा-उभा करत बसते, फळ्याचा डावा भाग दिसला की उजवा गायब. मोबाइलची दुकानं बंद, आणि ऑनलाइन कंपन्यांना फक्त अत्यावश्यक वस्तू पोचवायची परवानगी. एका नातेवाइकांकडे जुना मोबाइल आहे, ते तो घेऊन गेटपर्यंत येतो म्हणतात. आमच्या ठरावाप्रमाणे तोही परत जाणार.

आणि पाचव्या मजल्यावरचे काका-काकू. त्यांना कणकवलीजवळ गावी जायचंय. आजारपण नाही, कुणाचं मयत नाही. घराची कौलं परतायची आहेत. मे संपायच्या आत ती परतली नाहीत तर जूनमध्ये घरात पाणी, आणि आत मातीच्या भिंती. ही गोष्ट कुठल्याच यादीत बसत नाही.

माझे प्रश्न: (१) असा ठराव करायचा अधिकार सोसायटीला आहे का? (२) नसेल तर इमारत सांभाळायला नोटिशीत नेमकं काय लिहावं, जे लोक खरंच पाळतील?

रात्रपाळी

ताई, मी पालिकेच्या रुग्णालयात नर्स आहे, आत्ताच ड्युटी संपवून आलेय. माझं मत कडकच आहे, आधीच सांगते. गेल्या आठवड्यात ऑक्सिजन कमी पडला म्हणून पालिकेने सहा रुग्णालयांतून १६८ पेशंट एका रात्रीत हलवले. ऑक्सिजन लावलेला पेशंट अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढवणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळतं. आज जो गर्दीत गेला त्याचा हिशोब आमच्याकडे दोन आठवड्यांनी लागतो. 'माझ्या एकट्याने काय होतंय' असं सगळेच म्हणतात, आणि वॉर्डात मात्र सगळे एकदम येतात.

पण तुमचा ठराव चुकीच्या जागी कडक आहे. खोक्याची एवढी भीती नको. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने याच महिन्यात स्पष्ट केलंय की दूषित पृष्ठभागाला हात लागून संसर्ग व्हायची शक्यता साधारण दहा हजारांत एकाहूनही कमी. हात धुवा, झालं. हा आजार मुख्यतः पसरतो श्वासातून, बंद जागेत. तुमच्या इमारतीत सगळ्यात धोक्याची जागा कुठली? ती एकुलती एक लिफ्ट. खोक्यात साडी आहे की साबुदाणा, याने लिफ्टमधल्या हवेला काय फरक पडतो? डिलिव्हरीवाला वर जाऊच नये, मग तो औषधं घेऊन आलेला असला तरी. आणि पॉझिटिव्ह घरांचं सामान, कचरा कोण उचलतंय ते बघा. आमच्याकडे एकाच इमारतीतले पेशंट येतात तेव्हा बरेचदा कारण घरातलं किंवा शेजारचं असतं. हळद, बारसं, नाहीतर नुसतं 'जरा येऊन बसले होते'.

दादरचं_शटर

माझं दादरला कपड्यांचं दुकान आहे, सध्या अर्थातच बंद. पाडवा गेला, लग्नसराई जातेय. पंचवीस माणसांत दोन तासांत लग्न उरकायचं तर शालू कोण घेणार? भाडं थांबत नाही. दोन मुलं कामाला आहेत, त्यांना अर्धा पगार देतोय.

तरी मी शटर वर करा असं म्हणत नाही. सुट्टीच्या दिवशी आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते, त्या गर्दीत कुणाला काय अंतर राखायला सांगणार. माझं म्हणणं एवढंच, की आम्ही विकतो ते 'अनावश्यक' असं लिहू नका. तुमच्यासाठी नसेल, ते विकून चार घरं चालतात. 'गर्दी होते म्हणून बंद' असं लिहा, मला मान्य आहे.

ऑनलाइनवरची बंदीही मला पटते. माझं शटर खाली आणि तोच कुर्ता कंपनीच्या गोदामातून घरपोच, हे बरोबर नाही. तिथेही माणसंच पॅकिंग करतात. पण ते सरकारने बघायचं, वॉचमनने नाही. बारावीच्या मुलीचा मोबाइल अडवायला लावलात तर लोक तुमचा एकही नियम मानणार नाहीत.

उपविधी

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. बरीच वर्षं सोसायट्यांची कामं केली आहेत, पण मी वकील नाही.

सध्याचे निर्बंध साथरोग कायदा १८९७ आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ यांखाली आहेत. ते अधिकार राज्य सरकार, पालिका आयुक्त, जिल्हाधिकारी अशांचे. सोसायटीने त्यांची अंमलबजावणी करायची, त्यात स्वतःची भर घालायची नाही. सभासदाला त्याच्याच घरात शिरताना रिपोर्टसाठी अडवणं तर अजिबात टिकणार नाही. तो पोलिसांत गेला तर सचिव म्हणून उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. दंडाचंही तसंच, कमिटीने एका रात्रीत ठरवलेल्या दंडाला आधार नाही.

लिफ्टमध्ये एका वेळी किती जण, डिलिव्हरी कुठे घ्यायची, गच्ची आणि कार्यालय बंद ठेवायचं का, ही सामाईक जागेची शिस्त मात्र नक्की तुमची. जे काही लिहाल ते वॉर्ड ऑफिसला कळवून लिहा.

लालबाग_सचिव

उपविधी, तुमच्या उत्तराने माझं अर्धं ओझं उतरलं. रात्रपाळी ताई, लिफ्टचं तर आमच्या चर्चेत कुणी नावही काढलं नव्हतं, सगळा वाद खोक्यांवरच चाललेला.

पण एक शंका उरतेच. कमिटीतले ज्येष्ठ म्हणतात, 'मऊपणाने सांगून लोक ऐकत नाहीत. गेल्या वर्षी पोलिस होते म्हणून ऐकलं.' त्यांचं सगळंच चुकीचं नाही. सकाळी सात ते अकराच दुकानं उघडी, म्हणून त्या चार तासांत आमच्या मार्केटात मुंगीला शिरायला जागा नसते, आणि त्यात आमचेच लोक रोज 'जरा कोथिंबीर आणतो' म्हणून असतात. कोथिंबीर अत्यावश्यक यादीत आहे, तेव्हा कुणी काही बोलूही शकत नाही. त्यांना कसं थांबवू?

सातरस्ता

याच भागात हे सगळं आधी होऊन गेलंय. १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्यानंतर सरकारने सक्तीने रुग्ण उचलायला सुरुवात केली, पुढे स्टेशनांवर उतारूंची तपासणी. १८९७ चा साथरोग कायदा त्याच साथीतला. १८९६ च्याच ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. तेच आजचं कस्तुरबा, तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. लोकांना उपचार नको होते असं नाही. माणूस नेला की परत येत नाही, जातपात-सोवळं बघत नाहीत, बायकांना परके पुरुष हात लावतात, ही धास्ती होती. परिणाम काय झाला? घरोघरी आजारी माणूस लपवायला लागले.

तुमच्या ठरावात मला तीच भीती वाटते. पाचवा रुग्ण झालाय, सहावा निघाला की झोन. वर पाचशेचा दंड आणि गेटवर चौकशी. अशा वेळी ताप आलेला माणूस काय करेल? चाचणीच करणार नाही. तुमच्या इमारतीला याहून मोठा धोका नाही.

लालबाग_सचिव

चारच आहेत हो, पाचवा नाही अजून. पण मुद्दा लागू आहे, तो मीटिंगमध्ये मांडते.

कणकवलीकर

मी गावच्या बाजूने बोलतो. काकांना सांगा, रागावू नका, पण आत्ता येऊ नका. गेल्या वर्षी मुंबईहून माणसं आली तेव्हा ग्रामकृती दलाने त्यांना शाळेत ठेवलं. त्यावरून सख्ख्या भावांत बोलाचाली झाल्या, काही ठिकाणी अजून बोलणं नाही. गावात म्हातारी माणसं जास्त, आणि ऑक्सिजनचा बेड हवा तर लांब जावं लागतं.

नियमाचं बघाल तर गुरुवारपासून खाजगी गाडीने जिल्ह्याबाहेर जायला फक्त अत्यावश्यक सेवा, वैद्यकीय तातडी, मयत किंवा घरात गंभीर आजारपण अशीच कारणं चालतात. कौलांसाठी ई-पास मिळणार नाही. कन्फर्म तिकीट असेल तर रेल्वेने येता येईल, पण उतरल्यावर हातावर शिक्का आणि चौदा दिवस घरातच. मग आजूबाजूला कामाला माणसं कोण येणार? पहिले दोन आठवडे फुकट.

पण कौलांचं काम अनावश्यक म्हणू नका, एवढी माझीही विनंती. इथे पाऊस कसा लागतो ते त्यांना ठाऊक आहे, म्हणून जीव तुटतोय. आमच्याकडे मे महिन्यात दरवर्षी गडी हेच काम करतात. काकांनी वाडीतल्या कुणाला तरी फोन करून दिवस ठरवावा, किती कौलं फुटली ते मोजून घ्यावं, पैसे मोबाइलवरून पाठवावेत. चावी शेजारी असतेच. त्यांनी गावाचं नाव व्यक्तिगत निरोपात कळवलं तर मीच बघतो कोण मोकळं आहे.

रात्रपाळी

कोथिंबिरीचं उत्तर: मजल्यावार पाळी लावा. एका मजल्याची भाजी एका दिवशी एकच माणूस आणेल, यादी आदल्या रात्री ग्रुपवर. आमच्या भावाच्या इमारतीत असंच चाललंय. आणि पॉझिटिव्ह घरांना डबा द्या, त्यांच्या दाराशी रोज कुणीतरी विचारपूस करा, लांबून. आजारी पडलो तर इमारत आपल्याला टाकणार नाही हे दिसलं की माणूस ताप लपवत नाही. सातरस्ता दादांनी सांगितलं त्यावर माझ्याकडे तरी हाच उपाय आहे.

लालबाग_सचिव | रात्र

मीटिंग आत्ता संपली. दंड आणि पार्सलची चौकशी दोन्ही गेलं. रिपोर्टची अट मात्र दोघांनी शेवटपर्यंत सोडली नाही. उपविधी म्हणाले ते वाचून दाखवलं तेव्हा कुठे थांबले. काकांनी कणकवलीकरांना निरोप पाठवलाय. ते अजून नाराज आहेत. त्यांना स्वतः शिडीवर उभं राहून बघायचं असतं, आणि त्यांची नाराजी मला समजते.

नोटिशीचा मसुदा असा:

'इमारतीत चार सक्रिय रुग्ण आहेत. पुढील सूचनेपर्यंत सर्व प्रकारची पार्सलं, औषधांसह, तळमजल्याच्या टेबलावर ठेवली जातील. फोन आल्यावर खाली येऊन घ्यावीत. ज्येष्ठांची पार्सलं वॉचमन जिन्याने दारापर्यंत पोचवील. लिफ्टमध्ये एका वेळी एकच व्यक्ती किंवा एकाच घरातील व्यक्ती, मास्क आवश्यक. आजारी व ज्येष्ठ यांना लिफ्टसाठी प्राधान्य. बाजारहाट मजल्यावार पाळीने. शेजारच्या घरात जाऊन बसणे काही दिवस टाळावे. गावी जाण्याआधी शासनाचे नियम पाहावेत, माहितीसाठी सचिवांना फोन करावा, कारण सांगण्याची सक्ती नाही. ताप, खोकला असल्यास लगेच चाचणी करावी. घरात बसावे लागणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला डबा, औषध व दूध सोसायटी पोचवील.'

उद्या सकाळी लावायची आहे. काही राहिलं का?

उपविधी

दोन दुरुस्त्या. 'चार सक्रिय रुग्ण' ठेवा, पण मजला किंवा घर क्रमांक कुठेही येऊ देऊ नका, ग्रुपवरसुद्धा. आणि वॉचमनला जिने चढायला लावताय तर त्याच्या मास्कचा खर्च सोसायटीच्या खात्यातून लिहा. त्याचं वय पंचेचाळीसच्या वर असेल तर लस मिळते, नोंदणी तुम्हीच करून द्या.

लालबाग_सचिव

तो अठ्ठेचाळीसचा आहे. उद्याच नाव घालते. मोबाइलवाल्या नातेवाइकांनाही सकाळी दहाला यायला सांगितलंय, टेबल तोवर लागलेलं असेल.