चौथी : हातच्याची वजाबाकी आणि शाब्दिक उदाहरणं चुकतात, सराव कसा घ्यावा?

प्रश्न : मुलगा चौथीत, मराठी माध्यम. पाढे पंधरापर्यंत पाठ आहेत. पण ५०३ − २६७ चं उत्तर ३६४ काढतो. शाब्दिक उदाहरण दिलं की वाचायच्या आधीच "बेरीज की वजाबाकी?" विचारतो. रोज वीस मिनिटं देता येतील.

प्रतिसाद १ : ते ३६४ नीट बघा. तिनातून सात जात नाहीत म्हणून त्याने सातातून तीन काढले, शून्याखालचे सहा तसेच उतरवले. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान! म्हणजे वजाबाकी येते, सुटे करणं येत नाही. शंभराच्या पाच नोटा आणि रुपयाची तीन नाणी मांडा (कागदी चालतील) आणि २६७ मागा. त्याला एक शंभर मोडून दहाच्या दहा नोटा घ्याव्या लागतील, त्यातली एक मोडून दहा नाणी. आता समोर ४ शतक, ९ दशक, १३ एकक. शून्याच्या जागी ९ कुठून आला ते डोळ्यांना दिसतं. वहीत नुसतं "शून्य खोडून ९ लिही" सांगितलंत तर आठवडाभरात पुन्हा तीच चूक. उत्तर २३६, २३६ + २६७ करून ताळा दर वेळी घ्याच.

प्रतिसाद २ : "एकूण म्हणजे बेरीज, उरले म्हणजे वजाबाकी" ही सवय आधी मोडा. "सईकडे ४५ गोट्या आहेत. त्या ओमपेक्षा १८ ने जास्त आहेत. ओमकडे किती?" यात 'जास्त' दिसलं की मुलं ६३ लिहितात. पेन्सिल देण्याआधी विचारा, जास्त कोणाकडे? मग दोन पट्ट्या काढायच्या, लांब सईची, आखूड ओमची, फरकावर १८. उत्तर २७. अशी रोज चारच द्या, पण एकसारखी नकोत. अधूनमधून ४५ − १८ देऊन त्यालाच उदाहरण रचू द्या.

प्रश्नकर्ता : आणि वेळ? एसटी ९:५० ला सुटून १२:१५ ला पोचली, तर २ तास ६५ मिनिटं म्हणतो.

प्रतिसाद १ : तास मोडताना ६० ऐवजी १०० मिनिटं घेतली. उभी मांडणी सोडा, पुढे मोजू द्या : १० वाजायला १० मिनिटं, बारापर्यंत २ तास, वर १५. झाले २ तास २५ मिनिटं. दुकानातले सुटेही असेच : बिल ७३, दिले १००, तर ७५ ला २, ८० ला ५, १०० ला २०, परत २७.

प्रतिसाद २ : भाजीला न्या. पाव किलोचं वजन नसतं, तराजूत २०० आणि ५० ठेवतात. पाऊण किलोला कोणती वजनं लागतील, हे तिथेच विचारा.