शब्दचर्चा: सबलीकरण, सक्षमीकरण आणि मधला 'संवाद'

ओळंबा
बचत गटांच्या प्रशिक्षण पुस्तिकेतल्या एका प्रकरणाचा मथळा असा आहे: 'संवाद व सबलीकरणाद्वारे व्यक्ती आणि समुदायाचा विकास'. तीन शंका आहेत. सबलीकरण, सक्षमीकरण आणि सशक्तीकरण यांत खरोखर फरक आहे का, की एकाच डब्यावरची तीन लेबले? 'सशक्तीकरण'मधला 'क्ती' ऱ्हस्व की दीर्घ? आणि 'कम्युनिकेशन'साठी 'संवाद' ठेवावा की 'संप्रेषण' किंवा 'संज्ञापन' घालावे?

काना_मात्रा
आधी दुसरी शंका, कारण ती चटकन सुटते. दीर्घच. संस्कृतात याला च्वि प्रत्यय म्हणतात. जे आधी तसे नव्हते ते तसे होणे किंवा करणे, म्हणजे 'अभूततद्भाव', असा त्याचा अर्थ. विशेषणाच्या किंवा नामाच्या शेवटच्या 'अ'चा 'ई' होतो आणि पुढे 'कृ' किंवा 'भू' धातूचे रूप लागते. सबल–सबलीकरण, सक्षम–सक्षमीकरण, वर्ग–वर्गीकरण. तसेच सशक्त–सशक्तीकरण. लोक 'शक्ति' या नामावरून जातात आणि शक्तिपीठासारखे ऱ्हस्व लिहितात, पण इथे मूळ शब्द 'सशक्त' आहे. हिंदी फलकांवर 'सशक्तिकरण' सर्रास दिसते, ते पाहून आपल्याकडेही तसे लिहिले जाते. 'शुद्धिकरण' हीसुद्धा तीच चूक, कारण मूळ 'शुद्ध'. 'राष्ट्रीयकरण' तर 'ई' गिळूनच टाकते. ते 'राष्ट्रीयीकरण' हवे, जिभेला कितीही त्रास झाला तरी.

पारावरून
वरच्या प्रतिसादात एक वाक्य ओझरते आले आहे, खरा मुद्दा तिथेच आहे: 'कृ' किंवा 'भू'. एकच प्रत्यय दोन वाटांनी जातो. 'करण'ला कर्ता लागतो, 'भवन'ला लागत नाही. शाळेच्या विज्ञानात बाष्पीभवन शिकतो, कारण पाणी आपले आपण वाफ होते. वर्गीकरण मात्र कोणीतरी करतो. मग 'महिलांचे सबलीकरण' म्हटले की कर्ता कोण? सरकारी खाते, संस्था, साहेब. बाई त्या वाक्यात षष्ठीत अडकून राहते. शिवाय अभूततद्भाव म्हणजे आधी ती अबला होती हे गृहीतच धरले. पहाटे चारला उठून दोन हंडे डोक्यावर आणणाऱ्या बाईला 'सबल करणे' हा शब्द ऐकवायचा म्हणजे कमाल आहे.

'सबलीभवन' रुजवा असे माझे म्हणणे नाही, ते कोणी बोलणार नाही. पण पुस्तिकेत हा शब्द येईल तिथे वाक्य फिरवून पाहा: कोण, आता, काय करू शकते, जे आधी करू शकत नव्हते? उत्तर लिहिता आले तर शब्दाची गरजच उरत नाही. आले नाही तर शब्द पोकळ आहे.

जुना_कारकून
तिन्ही शब्द एक नाहीत. 'सबल' आणि 'सशक्त' यांत बळ आहे, अंगातले किंवा मनातले. 'सक्षम'मध्ये कुवत आहेच, पण सरकारी मराठीत त्याला आणखी एक अर्थ चिकटला आहे: 'सक्षम प्राधिकारी', म्हणजे ज्याला कायद्याने तो निर्णय घेता येतो तो. बळ असून अधिकार नसणे हे रोजचे दुखणे आहे. ते झाकायचे नसेल तर तिघांत 'सक्षमीकरण' बरे.

अवांतर: व्याकरणाचा कीस काढणारे सांगतील की 'क्षम' म्हणजेच समर्थ, त्याला वर 'स' कशाला? 'स' नामाला लागतो, आणि नाम धरले तर 'क्षमा'. म्हणजे सक्षमीकरण म्हणजे क्षमाशील करणे! काही शिबिरांचा हेतू तोच असावा असे वाटते खरे. पण शब्द रुळला आहे, आता त्याला उपटण्यात अर्थ नाही.

अधिकार देण्यासाठी बोलीत एक सरळ शब्द आहेच: मुखत्यारी. जमिनीच्या व्यवहारामुळे मुखत्यारपत्र खेड्यात सर्वांना माहीत असते. 'आपल्या पैशाची मुखत्यारी आपल्याकडे' हे प्रकरणाचे नाव म्हणून वाईट नाही.

खतावणी
गटाच्या कामात हे शब्द कुठे अडतात ते सांगते. माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) १९७५ पासून आहे, नाबार्डची बँक-जोडणी, म्हणजे गटांना बँकेशी जोडून कर्ज मिळवून देणे, १९९२ ची, 'उमेद' हे राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान २०११ पासून. एवढ्या वर्षांत गटाची स्वतःची भाषा तयार झाली आहे: मिटिंग, हप्ता, अंतर्गत कर्ज, प्रोसिडिंग (सभेचे इतिवृत्त), सहयोगिनी आणि प्रेरिका (गटांना मदत करणाऱ्या कार्यकर्त्या), लिपिका (गटाचा हिशेब लिहिणारी). त्यात 'सबलीकरण' कोणी बोलत नाही, तो शब्द फक्त बॅनरवर.

खरी अडचण व्याजाच्या शब्दाची आहे. गटात 'शेकडा दोन' म्हणतात, म्हणजे महिन्याला. बँक 'द.सा.द.शे. १२' लिहिते, म्हणजे दर साल दर शेकडा. कागदावर २ पेक्षा १२ मोठे दिसतात, म्हणून बँक महाग वाटते. प्रत्यक्षात गटाचा दर वर्षाला २४ होतो. हे फळ्यावर एकदा मांडले नाही तर गट बँकेचे कर्ज नाकारतो आणि आपण शहाणपणा केला असे समजतो.

त्याहून लपलेली चूक पुढे आहे. ५,००० रुपये कर्ज, दरमहा १,००० मुद्दल, पाच हप्ते. व्याज उरलेल्या मुद्दलावर घेतले तर १००, ८०, ६०, ४०, २०, एकूण ३०० रुपये. पहिल्या रकमेवरच घेत राहिले तर पाच वेळा शंभर, म्हणजे ५००. दोन्हीला तोंडी 'शेकडा दोन'च म्हणतात. फरक २०० रुपयांचा आहे, आणि तो फक्त लिपिकेला ठाऊक असतो. तिने लबाडी केलेली नसते, तिला तसेच शिकवलेले असते. म्हणून पुस्तिकेत 'घटत्या शिलकीवर' हे दोन शब्द ठळक छापा आणि शेजारी वरचा हिशेब मांडा. प्रत्येक मिटिंगमध्ये आकडे मोठ्याने वाचायचे, कर्ज घेणारीने स्वतःचा हप्ता स्वतःच्या तोंडाने सांगायचा, मगच पासबुकावर चढवायचा. संवाद म्हणजे माझ्या लेखी हा.

गटात १० ते २० जणी का, हेही याच प्रकरणात येऊ द्या. विसाच्या वर माणसे गेली की जुन्या कंपनी कायद्याने नोंदणी लागायची, हे कायद्याचे कारण. व्यवहारातले कारण वेगळे आहे: तीस जणी बसल्या की आठ बोलतात, बाकीच्या सतरंजी उसवतात. दिव्यांगांच्या गटाला आणि दुर्गम भागात पाच जणीही चालतात.

काना_मात्रा
आता 'संवाद'. 'संज्ञापन' विद्यापीठात ठीक आहे, 'संप्रेषण'ही अभ्यासक्रमातच शोभते. त्यातला 'प्रेषण' म्हणजे पाठवणे, एका बाजूने. 'दळणवळण' पूर्वी येण्याजाण्याला, देण्याघेण्याला म्हणत, आता टपाल-दूरध्वनीकडे आणि रस्त्यांकडे गेले. 'संवाद'च ठेवा, पण त्याचा अर्थ पातळ होऊ देऊ नका. गाणाऱ्यांना विचारा: वादी म्हणजे रागातला मुख्य स्वर, त्याचा जोडीदार तो संवादी, त्याच्याशी जुळणारा. खटकतो तो विवादी. म्हणजे 'सम्' मधेच जुळणे आले. 'सुसंवाद'मधला 'सु' त्यामुळे जादा वाटतो, कारण उलट शब्द 'विसंवाद' आहे, 'कुसंवाद' नाही.

बातमीत मात्र 'मान्यवरांनी महिलांशी संवाद साधला' याचा अर्थ असतो भाषण केले. एक सोपी कसोटी: '-ना' की '-शी'? 'बायकांना सांगितले' आणि 'बायकांशी बोलले' यांत फरक आहे. पुस्तिकेत 'महिलांना माहिती द्यावी' असे किती वेळा आले आहे ते मोजून पाहा.

पारावरून
दवंडी हा '-ना'चा प्रकार, ग्रामसभा '-शी'चा. निदान असायला हवा. १९९३ साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. आपल्याकडे गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी असेल ती. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ती नुसती कागदावर उरकली की पुढच्या सभेत बायका मागच्या भिंतीशी बसतात.

पुस्तिकेत आणखी तीन शब्द वेगळे करून दाखवा: बहुमताने, सर्वानुमते, सर्वसहमतीने. इतिवृत्तात 'सर्वानुमते मंजूर' बहुधा कोणी काही बोलले नाही म्हणून पडते. सर्वसहमती म्हणजे प्रत्येकाने 'हो' म्हणेपर्यंत थांबणे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गाव त्याचे ठळक उदाहरण. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात, आणि निर्णयाआधी अभ्यास गटात विषय समजून घेतला जातो. अभ्यास गटात ठराव करायचा नसतो, म्हणून तिथे अज्ञान दाखवायला लाज वाटत नाही. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्यांचीच. या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला. त्या घोषणेत '-करण' कुठेच नाही, 'आम्हीच' आहे.

जुना_कारकून
परवान्याचे पुस्तक हाती येणे हे 'सक्षम प्राधिकारी' होणे झाले. माझ्या प्रतिसादाला याहून चांगले उदाहरण सापडले नसते.

ओळंबा
सर्वांचे आभार. मथळा असा बदलतो आहे: 'बोलू, समजून घेऊ, ठरवू'. 'सक्षमीकरण' फक्त शासकीय योजनेच्या नावात येईल तिथे, दीर्घ 'मी'सह. '-ना' मोजले: १४ पानांत २२ वेळा. व्याजाचा तक्ता पान ६ वर घेतला आहे. 'घटत्या शिलकीवर'पेक्षा सोपे काही आहे का?

खतावणी
'उरलेल्या पैशावर'. आणि तक्त्यातला पाचवा रकाना कोरा ठेवा, तो मिटिंगमध्ये भरू द्या. छापून दिलात तर कोणी मोजणार नाही.