बिगफूट दिसला म्हणणाऱ्याला आधी बोलू तरी द्या

रेनियरच्या_पायथ्याशी

मंडळी, विषय येडपट वाटेल पण सिअ‍ॅटल-पोर्टलंडकडे राहणाऱ्यांना ओळखीचा आहे. इकडे अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात कुठल्याही कॅम्पग्राउंडवर शेकोटी पेटली आणि जरा रात्र झाली की कुणीतरी बिगफूटचा, म्हणजे रानात दिसतो म्हणतात त्या दोन पायांच्या केसाळ माणसासारख्या प्राण्याचा, विषय काढतोच, आणि आपल्या देसी ग्रुपमध्ये तर लगेच माकडाचे आवाज काढणं सुरू होतं. माझं म्हणणं असं की ज्याला खरंच काहीतरी दिसलंय तो अशाने तोंड मिटून बसतो आणि मग बोलायला उरतात कोण तर टीशर्ट विकणारे आणि यूट्यूबवाले. सरळ माणूस बाहेर, थापाडे आत.

मी स्वतः बिगफूट मानत नाही हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर खाली सगळे त्यावरच तुटून पडतील. पण इथल्या स्कॅमेनिया काउंटीचं बघा. 1 एप्रिल 1969 ला त्यांनी चक्क ठराव केला की हा प्राणी मारला तर 10,000 डॉलरपर्यंत दंड आणि 5 वर्षांपर्यंत तुरुंग. तारखेवर जाऊ नका, कायदा खरा होता. लोक बंदुका घेऊन रानात घुसायला लागलेले, उद्या अंधारात केसाळ कोट घातलेला एखादा माणूसच जायचा. म्हणजे प्राणी सापडेपर्यंत हे लोक थांबले नाहीत, माणसांना काहीतरी दिसतंय आणि त्यापायी माणसं काय करतायत हे त्यांनी बघितलं.

तर माझा मुद्दा एवढाच की असा अनुभव सांगणाऱ्याला पहिला प्रश्न 'फोटो कुठाय' हा नको. किती लांब होतं, उजेड कितपत होता, तू गाडीत होतास का पायी, हे विचारा. बोला आता.

पेठेतला_पाहुणा

थोडक्यात काय, तर थापा जरा अदबीने ऐकाव्यात. छान.

अहो, 'बिगफूट' हे नाव पेपरात गाजलं तेच मुळी 1958 साली. उत्तर कॅलिफोर्नियात ब्लफ क्रीक भागात रस्त्याचं काम चालू होतं, तिथल्या जेरी क्रू नावाच्या बुलडोझरवाल्याला मशीनच्या आजूबाजूला 16 इंची पावलं उमटलेली दिसली. त्याने प्लास्टरचा साचा घेतला, पेपरात फोटो आला, झालं. त्या कामाचा कंत्राटदार होता रे वॉलेस. तो 2002 मध्ये गेला आणि मग घरच्यांनी लाकडात कोरलेले पाय काढून दाखवले, म्हणाले हा आमच्या वडिलांचा उद्योग. चव्वेचाळीस वर्षं!

आता सांगा, जेरी क्रू खोटं बोलला का? अजिबात नाही. जे दिसलं तेच त्याने सांगितलं. तुमचे ते अंतर न् उजेडाचे प्रश्न त्याला विचारले असते तर पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते, भर दिवसा, पायाशी, मोजून 16 इंच. माणूस शंभर नंबरी आणि पुरावा बनावट. म्हणून मी माणसाला काही विचारतच नाही, वस्तू दाखव म्हणतो.

ओरेगॉनची_सून

आणि 1967 ची फिल्म? तीही ब्लफ क्रीकचीच. 20 ऑक्टोबरला पॅटरसन आणि गिमलिन घोड्यांवरून चाललेले आणि ओढ्याच्या पलीकडून ती बिगफूटची मादी चालत जाते, मिनिटभराची सुद्धा फिल्म नाहीये पण ती वळून बघते ना त्या जागी माझ्या अंगावर अजून काटा येतो. मांडीचे स्नायू हलताना दिसतात. त्या काळी असा सूट कोण शिवून देणार होतं?

पेठेतला_पाहुणा

पॅटरसन बिगफूटवर फिल्म करायलाच निघाला होता ताई, कॅमेरासुद्धा भाड्याने आणलेला. मी ताडोबात वाघाची फिल्म करायला जातो तेव्हा मला पाणवठ्यावर म्हशी दिसतात. याला बरोबर हवी तीच बाई हवी तिथेच भेटली. आणि पुढे एका माणसाने सूटमध्ये मीच होतो असं सांगितलंही.

ओरेगॉनची_सून

त्या माणसाने तरी तो सूट कुठे आणून दाखवला? तुम्हालाच वस्तू लागते ना. मग इथे नुसत्या शब्दावर कसा विश्वास ठेवलात?

रेनियरच्या_पायथ्याशी

हाहा, बिनतोड.

कोलंबिया_काठचा

लिहू का नको करत होतो पण आता लिहितोच. आम्ही दोघं नवरा-बायको गिफर्ड पिंचो जंगलात हकलबेरी (रानातल्या बेऱ्या) गोळा करायला गेलो होतो, ट्राउट लेककडून कार्सनच्या दिशेने जंगलातल्या कच्च्या रस्त्याने परत येत होतो. सप्टेंबर, सूर्य गेलेला पण आभाळात अजून थोडा उजेड, दिवे लावले तरी फारसं उपयोगाचं नाही आणि नाही लावले तरी चालत नाही अशी वेळ. वळणावर माझा वेग अगदी कमी होता. उजवीकडच्या झाडीतून काहीतरी रस्त्यावर आलं आणि मोजून तीन ढांगांत डावीकडच्या उतारावर गेलं. दोन पायांवर. तपकिरी, ओल्या पोत्यासारखे केस, मान जवळजवळ नाहीच, डोकं थेट खांद्यात बसवल्यासारखं. हात हलत होते, आणि लांब होते. गाडीकडे बघितलं नाही. मला तोंड दिसलं नाही.

मी ब्रेक मारला आणि आम्ही दोघं तसेच बसलो, इंजिन चालू. काच खाली करायची हिंमत झाली नाही. घरी येईपर्यंत दोघांपैकी कुणी काही बोललं नाही, घरी आल्यावर बायको म्हणाली तूही पाहिलंस ना.

ऑफिसात एकाला विश्वासाने सांगितलं. सोमवारी टेबलावर खेळण्यातला गोरिला, गळ्यात माझ्या नावाचा बॅज. त्यानंतर आज पहिल्यांदा बोलतोय. मी बिगफूट होता असं म्हणत नाही. काय होतं ते मला माहीत नाही, पण ते होतं.

मोहफूल_चांदा

भाऊ, हसत नाही, खरंच विचारून राह्यलो. मी चंद्रपूरचा आहो, आमच्याकडं अस्वल म्हणजे काही टीव्हीवरची गोष्ट नाही. उन्हाळ्यात मोहफुलं पडले की पहाटे माणसंबी तिथंच अन् अस्वलबी तिथंच. तुम्ही हकलबेरी तोडायला गेलते म्हणता. तिकडच्या काळ्या अस्वलाचं सप्टेंबरात काम काय राहते? हिवाळ्याआधी बेऱ्या खाऊन चरबी वाढवणं. म्हणजे तुम्ही त्याच्या ताटातच गेलते.

दुसरं, नावाला काळं अस्वल पण तपकिरीबी राहते, दालचिनीच्या रंगाचंबी राहते. तिसरं म्हणजे चालताना त्याचा मागचा पाय पुढच्याच्या ठशावर पडते, दोन ठसे मिळून एकच लांबलचक पाऊल दिसते. अर्धे 'बिगफूट' तिथंच निकालात निघतात.

आता तुम्ही म्हणाल अस्वल दोन पायांवर उभं राहते, चालत नाही. बहुतेक नाहीच चालत, दोन-चार पावलं टाकून खाली टेकते. पण न्यू जर्सीत एक होतं, लोकांनी पेडल्स नाव ठेवलतं त्याचं. पुढचे पंजे कामातून गेलते म्हणून ते वस्तीतून सरळ माणसासारखं चालत जाय, 2014 पासून व्हिडिओ आहेत, पाहून घ्या. पोटात गोळा येते. बातमी माहीत नसती तर मीबी म्हटलं असतं की झगा घातलेला माणूस हाय.

मला एवढंच सांगा, गुडघा दिसला काय? अस्वल उभं राहिलं तर पाय आखूड अन् धड लंबं दिसते. तुम्ही ढांगा म्हणता, तर पाय लंबे पाहिजे.

कोलंबिया_काठचा

इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला. थँक्यू भाऊ. गुडघ्याचं खात्रीने नाही सांगता येत, रस्त्याच्या कडेला गवत होतं, रस्त्यावर आलं तेव्हा माझं लक्ष खांद्यांकडे. पण ढांगा लांब होत्या, घाईच्या नव्हत्या. अस्वल मी बघितलेलं आहे, ट्रेलवर एकदम समोर आलेलं. हे तसं नव्हतं.

डेटावाला_बेलव्ह्यू

2024 च्या जानेवारीत जर्नल ऑफ झूऑलॉजीमध्ये एक पेपर आलाय, फ्लो फॉक्सन नावाच्या संशोधकाचा. राज्याराज्यांतल्या काळ्या अस्वलांची संख्या आणि बिगफूट दिसल्याच्या नोंदी जुळवून बघितल्या, माणसांची संख्या आणि जंगलाचं क्षेत्र हिशोबात धरून. दर हजार अस्वलांमागे नोंदी साधारण 4 टक्क्यांनी वाढतात. अस्वलं नसलेल्या भागातही नोंदी आहेत, तेही त्यात लिहिलंय, म्हणजे सगळं अस्वलाच्या माथी मारता येत नाही, पण कल कुठे आहे तो दिसतो.

मला खरं खटकतं ते कॅमेऱ्यांचं. वुल्व्हरिन माहीत असेल, अत्यंत दुर्मिळ, लाजाळू, बर्फात राहणारा प्राणी. माउंट रेनियर नॅशनल पार्कमध्ये शंभराहून जास्त वर्षं तिथे त्याची वीण झाल्याची नोंद नव्हती. 2020 मध्ये मादी पिल्लांसकट सापडली, कशावर? रिमोट कॅमेऱ्यावर. कुत्र्याएवढं जनावर सापडतं आणि आठ फुटी सापडत नाही? एक नाही तर पिढ्यानुपिढ्या टिकायला शेकड्यांनी हवेत, त्यातला एकही गाडीखाली येत नाही, एकाचंही हाड मिळत नाही?

केसांचंही तेच. पीटर बर्न नावाच्या शोधकाने 1976 मध्ये एफबीआयकडे केस तपासायला दिले, उत्तर आलं हरणाचे. ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्सने 2014 मध्ये बिगफूट-येतीचे म्हणून आलेले 30 नमुने डीएनएने तपासले, त्यात अस्वल, गाय, घोडा, साळिंदर, रॅकून आणि एक तर माणूसच.

ओरेगॉनची_सून

पण आमच्या इथे जंगल किती दाट आहे हे नकाशावर कळत नाही हो. आणि माउंट सेंट हेलेन्सच्या त्या एप केव्हला तुम्ही सगळे पोरांना घेऊन जाता ना, ते नाव काय उगाच पडलं का?

डेटावाला_बेलव्ह्यू

गुहेचं नाव तिथे सुरुवातीला उतरलेल्या स्काउटच्या पोरांनी ठेवलंय, त्यांना पाठबळ देणाऱ्या ग्रुपचं नाव सेंट हेलेन्स एप्स होतं. तुमच्या डोक्यात एप कॅन्यन असेल, त्याच डोंगरावर आहे पण वेगळी जागा. 1924 मध्ये सोनं शोधणाऱ्यांनी सांगितलं होतं की रात्री केसाळ माणसांनी आमच्या खोपटावर दगडांचा मारा केला.

ओरेगॉनची_सून

बरं, गुहा तुमची. कॅन्यन माझं.

हॅरिसनची_वाट

मी कॅनडात, ब्रिटिश कोलंबियात राहते. तुम्ही सगळे 1958 पासून सुरुवात का करताय? हॅरिसन लेकजवळ स्टाहेलिस या इथल्या मूळच्या लोकांची वस्ती आहे, सास्क्वॉच, म्हणजे हाच तुमचा बिगफूट, त्यांच्याकडचा, तो त्यांच्या झेंड्यावरही आहे. त्यांच्यासाठी तो जमीन राखणारा आहे, दिसला तर मान द्यायचा, पुरावा कसला मागता. व्हँकुव्हर बेटाकडच्या दुसऱ्या लोकांमध्ये झुनुक्वा म्हणून रानातली राक्षसीण आहे, पाठीवर टोपली घेऊन पोरं पळवते. बुलडोझरवाल्याच्या आणि कंत्राटदाराच्या कित्येक पिढ्या आधीपासून हे चालू आहे. लाकडी पायांनी तुम्ही फार तर एक रस्ता निकालात काढला.

आणि उगाच चावट हसू नका, कोकणात माझ्या माहेरी राखणदाराला नारळ दिल्याशिवाय विहीर खणत नाहीत, त्यात इंजिनियर झालेले काकाही आले. तिथे डीएनए कुणी मागितला नाही.

पेठेतला_पाहुणा

राखणदाराला कुणी वजन-उंची लावत नाही, हा फरक आहे. श्रद्धा म्हणून सांगा, मी हात जोडून ऐकतो. पण आठ फूट, तपकिरी, मान नाही असं म्हटलं की तुम्ही प्राणिशास्त्रात आलात. तिथे चपला बाहेर काढून येण्याची पद्धत नाही, हाड घेऊन यावं लागतं.

रेनियरच्या_पायथ्याशी

हे वाक्य आवडलं, पण आठ फूट तुमच्या डेटावाल्याने आणलं. कोलंबियावाल्यांनी उंचीचा आकडा सांगितलेलाच नाही, परत वाचा. तुम्ही ऐकायच्या आधीच त्याला ठरलेल्या मापाचा बिगफूट करून टाकलात. सगळेच्या सगळे बिगफूट तुमच्याच डोक्यात तयार होतात आणि मग तुम्हीच ते खोडता.

पेठेतला_पाहुणा

ठीक. मग एक करा. साक्षीदार दोन आहेत ना? वहिनींना हे काही न वाचता त्यांचं त्यांना लिहू दे. पोलीससुद्धा वेगवेगळं बसवूनच विचारतात.

कोलंबिया_काठचा

तिला विचारलं. हे पान दाखवलं नाही, माझं लॉगिन उघडून कोऱ्या चौकटीत लिही म्हटलं. खाली तिचंच आहे, एक अक्षर बदललेलं नाही.

नमस्कार. मी शेजारच्या सीटवर होते, मांडीवर बेरीची बादली होती, ती सांडू नये म्हणून खाली बघत होते. यांनी ब्रेक मारला तेव्हा वर बघितलं. मला पूर्ण दिसलं नाही, कंबरेखालचं दिसलं, तेही जाताना. रंग काळा. यांना तपकिरी वाटतो, घरात यावरून आमचं भांडण आहे. पाय लांब होता, गुडघ्यात वाकून उतारावर ठेवला, आपण जिना उतरताना ठेवतो तसा. मला भीती नंतर वाटली, तेव्हा फक्त बादली घट्ट धरली. अस्वल असेल असं मला यांनीच आधी सांगितलं होतं, मी नाही म्हटलं.

मोहफूल_चांदा

वहिनी, गुडघा! मी हेच विचारून राह्यलो होतो. आता माझीबी पंचाईत झाली. पण रंगाचं दोघांचं जमत नाही म्हणजे उजेड फारच कमी होता, अन् तेवढ्या उजेडात गुडघ्याचं तरी कसं मानावं. अंगावर वाळकी खाज येऊन केस झडलेलं अस्वल असलं तर पाय लंबे, काटकुळे दिसतात, पेनसिल्व्हेनियात 2007 ला तसल्या फोटोवरून लय गोंधळ झालता. पण झडलेल्या केसाचं असतं तर भाऊ 'ओल्या पोत्यासारखे केस' कायले म्हणतीन.

डेटावाला_बेलव्ह्यू

दोन साक्षीदार, दोन रंग. माझ्यासाठी केस बंद.

ओरेगॉनची_सून

दोन साक्षीदार, दोघांनाही दोन पाय. माझ्यासाठी उघडी.

पेठेतला_पाहुणा

वहिनी, नीट लिहिलंत, उगाच तिखटमीठ लावलं नाहीत. मी अजूनही अस्वलच म्हणेन. पण आता तरी गाडीला डॅशकॅम लावा.

कोलंबिया_काठचा

परत तीच टाइप करतेय. डॅशकॅम दुसऱ्याच आठवड्यात लावला. त्याच रस्त्याने दर बेरीच्या सीझनला जातो. आत्तापर्यंत हरणं, एक कोल्हा आणि वाट चुकलेली यूपीएस कुरिअरची गाडी.