अनुभव धागा: सिव्हिलच्या प्रॅक्टिकलमध्ये रीडिंग नेमकं कुठे चुकतं?

सर्व्हे, काँक्रीट आणि पर्यावरण या तिन्ही लॅबमध्ये कृती पाठ असूनही उत्तर चुकतं. ज्यांचा हात बसला आहे त्यांनी काय चुकतं आणि का, ते बारकाव्यांसह लिहावं. जर्नलमध्ये असतं तेवढंच नको.

सर्व्हेवाला
लेव्हलिंगला (जमिनीच्या उंचीतला फरक मोजताना) आधी दुर्बिणीची आयपीस फिरवून क्रॉसहेअर, म्हणजे आतल्या फुलीच्या रेषा, ठळक करा, मगच स्टाफवर (आकडे असलेल्या उभ्या पट्टीवर) फोकस. नाहीतर पॅरॅलॅक्स राहतो, डोळा हलला की रीडिंग सरकतं. स्टाफ कलला की रीडिंग जास्त येतं. म्हणून तो सावकाश पुढेमागे झुलवायला सांगा आणि सर्वांत कमी आकडा लिहा. चेंज पॉइंट, म्हणजे यंत्र हलवताना स्टाफ जिथे कायम राहतो ती जागा, मुरुमावर घेऊ नका, स्टाफ खचतो. बॅकसाइट-फोरसाइटची (यंत्राच्या त्या जागेवरून घेतलेल्या पहिल्या आणि शेवटच्या रीडिंगची) अंतरं सारखी ठेवलीत तर कॉलिमेशनची चूक, म्हणजे दृष्टिरेषा नीट आडवी नसण्याची, वजाबाकीत जाते.
शेवटचा ताळा जुळला म्हणून निर्धास्त होऊ नका. तो फक्त गणिताचा ताळा आहे. १.२६५ च्या जागी १.३६५ वाचलं तरी तो जुळतोच. वाचनातली चूक पकडायची तर फिरून बेंचमार्कवर (उंची माहीत असलेल्या खुणेवर) येऊन बंद करा.

काँक्रीट लॅब
पावसाळ्यात एम२५ (२८ दिवसांना २५ न्यूटन प्रति चौरस मिमी ताकदीचं काँक्रीट) हमखास फसतो तो वाळूतल्या पाण्यामुळे. समजा घनमीटरला सिमेंट ३८० किलो, पाणी १७१ लिटर, म्हणजे पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५. वाळू ७०० किलो, त्यात ५ टक्के मोकळं पाणी. ते ३५ लिटर वजा केलं नाही, तर गुणोत्तर थेट ०.५४ होतं. स्लम्प (ओल्या काँक्रीटची बसण) वाढतो, काँक्रीट छान सरकतं, सगळे खूश. २८ दिवसांनी दाबून फोडलेला क्यूब (काँक्रीटचा घन) खरी ताकद सांगतो. पाणी कमी करताना तेवढी वाळूही वजनाने वाढवायची, हे निम्मी मुलं विसरतात.
१५० मिमीचा साचा तीन थरांत भरा, प्रत्येक थराला १६ मिमी सळीचे ३५ ठोके.

वरच्याला जोडून
क्यूब मशीनमध्ये ठेवताना थापीने सारखी केलेली बाजू वर नको, कडेला हवी. लोडचा वेग मिनिटाला ३१५ किलोन्यूटन. घाईने वाढवलात तर ताकद खोटी जास्त दिसते.

सांडपाण्याची बाजू
बीओडीत (सांडपाण्यातले जीवाणू किती ऑक्सिजन वापरतात ते मोजताना) सगळा खेळ बाटली भरण्याचा. ३०० मिलीची बाटली काठोकाठ भरून बूच तिरकं सरकवत लावा. एक बुडबुडा राहिला तरी तेवढा ऑक्सिजन आत गेला. मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड अझाइड प्रत्येकी २ मिली, पिपेटचं टोक पृष्ठभागाखाली बुडवून. साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर नाही.
साका आम्लात विरघळवला की आयोडीन सुटतं. त्याच्या थायोसल्फेटने होणाऱ्या टायट्रेशनला द्रावण फिकट गवती पिवळं झाल्यावरच स्टार्च घाला. आधी घातलंत तर आयोडीन स्टार्चला धरून बसतं आणि निळा रंग लवकर जात नाही. २०० मिलीला ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट जितके मिली लागेल, तितके मिग्रॅ प्रतिलिटर ऑक्सिजन.
घरगुती सांडपाणी ६ मिली घेतलं, ऑक्सिजन ७.८ वरून ३.४ झाला, तर ४.४ गुणिले ५० (३०० भागिले ६), म्हणजे बीओडी २२० मिग्रॅ प्रतिलिटर. पण शेवटी १ पेक्षा कमी उरला, किंवा उतार २ पेक्षा कमी, तर ती बाटली धरायची नाही. म्हणून तीन वेगवेगळी डायल्युशन (पातळ करण्याची प्रमाणं) लावाच. आपल्याकडे २७ अंशांवर ३ दिवस ठेवतात, पुस्तकातले २० अंशांचे ५ दिवस असतात. जर्नलमध्ये कोणतं वापरलं ते लिहा, नाहीतर आकड्याला अर्थ उरत नाही.